शिक्षकाच्या शिकण्याची जागा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांपूर्वी नोकरीव्यवसायानिमित्त या शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी भाड्याच्या वाड्यातील दोन खोल्यांत ही शाळा सुरू केली. तो इतिहास माझ्या आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने सांगितला आहे, आणि तो सांगण्याचा अधिकारही माझ्यापेक्षा त्यांचाच अधिक आहे. मला समितीने ‘आपली शाळा आणि विज्ञानशिक्षण’ असा विषय दिला. माझा स्वतःचा विषय मराठी भाषा व साहित्य. विज्ञानाशी माझा संबंध वेळापत्रक आखण्यापुरता आणि प्रयोगशाळेच्या खरेदीवर सही करण्यापुरता असावा, असे कोणालाही वाटेल. पण मराठी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला विज्ञानापासून दूर राहता येत नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी पालक जो पहिला प्रश्न विचारतात तो भाषेचा नसतोच. तो असतो, ‘बाई, मराठीतून विज्ञान शिकून पुढे मुलाचे कसे होणार?’ शाळेचा पट या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, हे येथे बसलेल्या विश्वस्तांना मी वेगळे सांगायला नको.

या प्रश्नाला आपण आजवर भावनेचे उत्तर देत आलो. मातृभाषेतून शिकावे, कारण ती मातृभाषा आहे, असे आपण म्हणतो. ते खरे असले तरी पालकाचे त्याने समाधान होत नाही, आणि होऊ नये. म्हणून विज्ञान, त्यातही पदार्थविज्ञान, मुलांच्या मनात नेमके कसे उतरते याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला त्यांच्याकडे वळावे असे मला वाटले. अशा एका विदुषीच्या कार्याची ओळख मी आज करून देणार आहे. त्यांचे नाव लिलियन मॅकडरमॉट. त्यांचा मराठीशी वा भारताशी काही संबंध नाही. तरी त्यांच्या कामात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे थोडे सावकाशीने सांगते.

लिलियन मॅकडरमॉट यांचा जन्म 1931 मध्ये न्यूयॉर्क येथे, ग्रीसमधून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. 1952 मध्ये व्हॅसार कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि 1959 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून प्रायोगिक अणुकेंद्रीय भौतिकीत त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्या काळी हा विषय घेणाऱ्या स्त्रिया किती थोड्या असतील याची कल्पना आपण करू शकतो. पती मार्क मॅकडरमॉट हेही भौतिकीचेच. त्यांना सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. पती-पत्नींना एकाच संस्थेत नेमणूक देऊ नये असा नियम त्या वेळी आड आला, आणि लिलियनबाईंना काही वर्षे त्याच शहरातील दुसऱ्या एका विद्यापीठात शिकवावे लागले. बदलीच्या गावी नवऱ्यामागून जाऊन मिळेल त्या शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षिका आपल्याकडे काही कमी नाहीत. आपल्या शाळेला तर अनेक चांगल्या शिक्षिका अशाच मिळाल्या.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात अर्नोल्ड एरन्स नावाचे ज्येष्ठ प्राध्यापक आले. प्राथमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विज्ञानाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठातील भौतिकीच्या विभागाने प्राथमिक शिक्षकांना शिकवावे ही कल्पनाच मुळी त्या वेळी पुष्कळांना कमी प्रतीची वाटत असणार. मॅकडरमॉट या कामात एरन्स यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि 1973 मध्ये त्याच विभागात अध्यापक म्हणून नेमल्या गेल्या. पुढे त्यांनी तेथे भौतिकी शिक्षणाच्या संशोधनाचा गट उभारला. या गटातील विद्यार्थ्यांना शिक्षणशास्त्रात नव्हे, तर भौतिकीतच डॉक्टरेट मिळू लागली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलाला एखादी कल्पना का समजत नाही, हा प्रश्न त्या कल्पनेच्या गाभ्यात शिरल्याविना सुटत नाही. तो बी.एड.च्या पाठ-टिपणांतून सुटला असता, तर मी बी.एड. असल्याने मला तो केव्हाच सुटलेला दिसला असता.

त्यांची पद्धत ऐकायला साधी आहे. विद्यार्थ्यासमोर एक प्रत्यक्ष घटना मांडायची, तिच्याविषयी प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर की चूक हे न सांगता ‘असे तुला का वाटते?’ एवढेच पुन्हापुन्हा विचारायचे, आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा व डेव्हिड ट्रोब्रिज यांचा निबंध वेगाच्या कल्पनेवर आहे. दोन समांतर पन्हळींवरून दोन चेंडू जात आहेत. एक एकसारख्या वेगाने जातो. दुसरा आरंभी जोरात येऊन त्याला मागे टाकतो, पण चढावर मंदावत जातो, आणि पहिला त्याला पुन्हा गाठून पुढे निघतो. दोघांचा वेग कधी समान होता का? विद्यापीठात भौतिकी शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी उत्तर दिले, जेव्हा ते एकमेकांच्या बरोबरीला आले तेव्हा. वास्तविक ज्या क्षणी एक दुसऱ्याला ओलांडतो त्या क्षणी दोघांचे वेग निश्चितच वेगळे असतात, म्हणून तर तो ओलांडू शकतो. ‘बरोबरीने असणे’ आणि ‘समान वेगाने जाणे’ यांची मनात गल्लत झालेली असते. या विद्यार्थ्यांना अंतर भागिले वेळ हे सूत्र पाठ होते, आणि त्यावरील गणितेही सुटत होती.

दुसरा प्रयोग भिंगाचा. बहिर्गोल भिंगाने पडद्यावर दिव्याची प्रतिमा उमटली आहे. आता भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर काय होईल? बहुतेकांचे उत्तर, अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्णच राहते, फक्त फिकी होते, कारण दिव्याच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सर्व भागांवर पडतो. पुस्तकात किरणाकृती काढताना आपण सोयीसाठी दोनच किरण काढतो, आणि मुले समजतात की किरण असतात ते दोनच. आकृती सुबक काढल्याबद्दल त्यांना गुणही मिळतात.

पण मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो विजेच्या दिव्यांच्या प्रश्नाने. पीटर शॅफर यांच्यासह त्यांनी 1992 मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन परिपथ आहेत, सारे दिवे एकसारखे, सारे घट एकसारखे. पहिल्यात घटाला एकच दिवा. दुसऱ्यात दोन दिवे एकामागून एक, म्हणजे आपल्या पुस्तकातील एकसर जोडणी. तिसऱ्यात दोन दिवे समांतर जोडणीत. एकूण पाच दिवे. कोणता जास्त प्रकाशेल, कोणता कमी, कोणते सारखे, आणि का? यात आकडेमोड मुळीच नाही. एकसर जोडणीतील दोन्ही दिवे एकमेकांइतकेच, पण मंद प्रकाशतात, आणि उरलेले तिन्ही सारखेच तेजस्वी असतात. स्वयंपाकघरातील दिवा लावला म्हणून दिवाणखान्यातला मंद होत नाही, हे आपण रोज पाहतो, कारण घरातील दिवे समांतर जोडलेले असतात. हा प्रश्न एक हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना विचारला गेला. बरोबर उत्तर देणारे सुमारे 15 टक्के निघाले, आणि प्रश्न तो भाग शिकविण्यापूर्वी विचारला की नंतर, याने त्या आकड्यात विशेष फरक पडला नाही. माध्यमिक शाळांत भौतिकी शिकविणाऱ्या शिक्षकांचा निकालही जवळपास तसाच आला. त्याच विद्यापीठातील भौतिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये, म्हणजे जे पुढे स्वतः शिकविणार होते त्यांच्यामध्ये, बरोबर उत्तरे सुमारे 70 टक्के होती.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. हे सारे विद्यार्थी इंग्रजीतून शिकत होते. त्यांची पुस्तके इंग्रजी, प्रयोगशाळा उत्तम, शिक्षक नामवंत, आणि बहुतेकांची मातृभाषाही इंग्रजीच. तरी शंभरातील पंच्याऐंशींना दोन दिव्यांचा परिपथ उलगडला नाही. तेव्हा माध्यम इंग्रजी केले की विज्ञान समजते हा जो समज आपल्या शहरात गल्लोगल्ली निघालेल्या शाळांनी पसरविला आहे, त्याला या अभ्यासात काडीचा आधार सापडत नाही. मात्र हाच आकडा दाखवून आपण मराठीच्या अभिमानाने स्वतःची पाठ थोपटून घेऊ लागलो, तर तेही चुकीचे ठरेल. त्या मुलांना मातृभाषेतूनच शिकविले जात होते, आणि तरी ती अडली. मातृभाषा समजण्याची वाट मोकळी करते. त्या वाटेने मुलाला नेणारा शिक्षक लागतोच.

मुले चुकतात कोठे, हेही या अभ्यासातून दिसते. पुष्कळांना वाटते की घटातून निघालेली वीज पहिल्या दिव्यात थोडी खर्च होते, म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते. काहींना वाटते, घट नेहमी ठरावीक तेवढीच वीजधारा देतो, मग समोर काहीही जोडा. भाषेची विद्यार्थिनी म्हणून मी हे वाचले तेव्हा आपल्या बोलण्याकडे माझे लक्ष गेले. ‘वीज जळते’, ‘सेल संपला’, ‘किती युनिट खर्च झाली’, ‘वीज वाया घालवू नका’. घरात मूल जन्मापासून हेच ऐकते. वीज ही पिंपातल्या पाण्यासारखी वापरून संपणारी वस्तू आहे असे त्याने मानले, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. खर्च होते ती ऊर्जा, धारा परिपथात सर्वत्र तेवढीच राहते, हा भेद आपल्या रोजच्या भाषेत नाहीच. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रोजच्या भाषेतही तो नाही. तो वर्गात, दिव्यांकडे पाहत, मुलाकडून घडवून घ्यावा लागतो.

गेल्या वर्षी विज्ञानाची जागा काही महिने रिकामी होती, तेव्हा आम्ही हाच विषय शिक्षकांच्या बैठकीत प्रत्यक्ष करून पाहिला. टॉर्चचा एक दिवा, एक सेल आणि तारेचा एकच तुकडा, एवढ्यावर दिवा पेटवायचा. मॅकडरमॉट यांच्या पुस्तकात विजेच्या प्रकरणाचा आरंभ याच कृतीने होतो. सर्व विषयांचे शिक्षक बसले होते. बहुतेकांनी तारेचे एक टोक सेलला आणि दुसरे दिव्याच्या बुडाला लावले आणि दिवा खराब असल्याचा निर्वाळा दिला. दिव्याला दोन टोके असतात, एक बुडाचे आणि एक बाजूच्या पितळी भागाचे, आणि दोन्हींतून वाट पूर्ण व्हावी लागते, हे ध्यानात यायला बराच वेळ गेला. सर्वांत आधी दिवा पेटला तो चित्रकलेच्या शिक्षकांचा, कारण त्यांनी दिवा हातात घेऊन आधी नीट न्याहाळला होता. त्या दिवशी चहा गार झाला तरी कोणी उठले नाही. वर्षातील इतर बैठकांविषयी मला असे म्हणता येणार नाही.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. मॅकडरमॉट यांनी विद्यार्थ्यांच्या अडचणी नोंदवून त्यावर निबंध लिहिले आणि त्या तेथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांचे निम्मे आयुष्य शाळाशिक्षकांच्या शिकण्यात गेले. सत्तरच्या दशकापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांचे शिक्षक त्यांच्या विद्यापीठात येऊन बसत, आणि वर्षभरही त्यांचे वर्ग चालत. 1990 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी विज्ञानाचे वेगळे अभ्यासक्रम का असावेत यावर एक निबंध लिहिला. त्यातील विचार माझ्या शब्दांत सांगायचा तर असा : पदवीच्या वर्गातील भौतिकी इतक्या वेगाने धावते की शिक्षकाला सूत्रे मिळतात, पण त्यांच्यामागील विचार मिळत नाही. शिक्षण महाविद्यालयात अध्यापनाच्या पद्धती शिकवितात, पण तेथे विषय बाजूला राहतो. मग शिक्षक ज्या रीतीने स्वतः शिकला त्याच रीतीने शिकवितो. तेव्हा त्याने जसे शिकवावे अशी आपली अपेक्षा असेल, अगदी तसेच त्याला आधी शिकायला मिळाले पाहिजे. हेच विषयज्ञान, आणि तेही हाताने करून, स्वतःच्या मनातल्या चुका स्वतः पकडून.

या विचारातून 1996 मध्ये ‘फिजिक्स बाय इन्क्वायरी’ हे त्यांचे दोन खंडांचे पुस्तक निघाले. ते वाचण्याचे पुस्तक नव्हे. त्यात प्रश्न आहेत, कृती आहेत, पण उत्तरे नाहीत. वर्गात व्याख्यान नसते. दोघे-तिघे मिळून काम करतात, ठरावीक टप्प्यावर मार्गदर्शक येतो, आणि सांगण्याऐवजी विचारतो. पुढच्या पानावर जायचे, तर मागील पान समजल्याचे आपल्या शब्दांत सांगावे लागते. महाविद्यालयीन वर्गांसाठीही त्यांनी याच रीतीच्या कृतिपत्रिका तयार केल्या, आणि आधी चाचणी, मग कृती, मग पुन्हा चाचणी अशा कसोटीवर त्या वर्षानुवर्षे घासून घेतल्या. जे उतरले नाही ते बदलले. 2001 मध्ये अमेरिकेतील भौतिकी-शिक्षकांच्या संघटनेने त्यांना ओर्स्टेड पदक दिले. 9 जुलै 2020 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच संघटनेने आपल्या एका जुन्या पदकाला त्यांचे नाव दिले. ते पदक पूर्वी मिलिकन यांच्या नावाने दिले जाई, आणि मिलिकन हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते.

असे काम अमेरिकेतच होते असे कोणी समजू नये. आपल्या याच मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, 1972 मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था त्यामागे होत्या. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करीत. 1978 मध्ये तो सर्व जिल्ह्यात पसरला, 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था त्यातून उभी राहिली. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचे पुस्तक, परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा, आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ या गोष्टी ज्येष्ठांना आठवत असतील. पण त्या उपक्रमाचा कणा होता शिक्षकांची प्रशिक्षणे आणि त्यांच्या मासिक बैठका. महिनाभरात वर्गात काय अडले ते तेथे मांडले जाई. 2002 मध्ये सरकारने तो उपक्रम थांबविला. तीस वर्षे चाललेले असे काम थांबते ही मला आपल्या राज्याच्या शैक्षणिक इतिहासातील दुःखाची गोष्ट वाटते, आणि हे मी या व्यासपीठावरून म्हणण्यास कचरत नाही.

मुंबईतही 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. त्याचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी हे मूळचे भौतिकीचे. शाळेतील मुलांना विज्ञान जड जाते, त्यात विषयाचा वाटा किती आणि पाठ्यपुस्तकातील भाषेचा किती, हा प्रश्न त्या केंद्राने आरंभीच हाती घेतला. मराठीचे म्हणवणाऱ्या आपण सर्वांनी या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

आपल्या मुलांची स्थिती याहून अवघड आहे. आठवीपर्यंत ती आपल्याकडे ‘वस्तुमान’ शिकतात, आणि नववीत दुसऱ्या शाळेत गेली की त्याचे ‘द्रव्यमान’ होते. आपला ‘प्रभार’ तिकडे ‘आवेश’ होतो. आवेश म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर वक्तृत्वस्पर्धा येते. ‘घनता’ जाऊन ‘घनत्व’ येते, ‘एकसर जोडणी’चा ‘श्रेणीक्रम’ होतो. शिवाय ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे तीन शब्द शास्त्रात तीन वेगळ्या गोष्टींसाठी आहेत, पण आपल्या घरात तिन्ही एकच : अंगात बल नाही म्हणा, शक्ती नाही म्हणा, अर्थ तोच. पालकांना वाटते, शब्दांचा हा घोळ मराठीमुळे झाला. एरन्स यांचा आग्रह असे की आधी कल्पना घडू द्यावी आणि मग तिला नाव द्यावे. ही शिस्त पाळली तर आपल्या मुलांचे ओझे बरेच हलके होईल. ज्याने दोन दिव्यांतून सारखीच धारा वाहते हे स्वतः तपासले आहे, त्याला तिचे नाव मराठीत, हिंदीत वा इंग्रजीत काय, हे एका दिवसात लक्षात येते. ज्याने नुसते नाव पाठ केले, त्याला नववीत सारे पुन्हा पहिल्यापासून पाठ करावे लागते. आपली माजी विद्यार्थी मंडळी येथे आहेत, त्यांनी आपल्या नववीच्या पहिल्या सहामाहीचे दिवस आठवून पाहावेत.

माझे सहकारी येथे एक रास्त शंका घेतात. असे शिकवीत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? मॅकडरमॉट यांच्यापाशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा ताफा होता, सरकारी अनुदान होते. आपल्याकडे विज्ञानाला दोन शिक्षक आणि एक कपाट. ही शंका मी उडवून लावणार नाही. सर्वच धडे या रीतीने होणार नाहीत. सजीवांचे वर्गीकरण, आरोग्य, शोधांचा इतिहास हे वाचून, सांगून होईल. पण गती, बल, वीज आणि प्रकाश या चार ठिकाणी घाई केली तर पुढचे सारे कच्चे राहते, आणि त्या चार ठिकाणी तरी आपण वेळ घालवावा. हातात वेळ नसतो तो मुख्यतः उत्तरे लिहवून घेण्यात जातो, असेही माझे वर्गावर्गांतून फिरतानाचे निरीक्षण आहे.

आता महोत्सव निधीविषयी. सर्व वर्गांत डिजिटल फळे बसवावेत असा प्रस्ताव समितीपुढे आहे. त्यामागील सद्भावना मी जाणते, आणि प्रवेशाला आलेल्या पालकाला भिंतीवरचा चकचकीत फळा दिसतो, शिक्षकाचे शिकणे दिसत नाही, हेही जाणते. फळ्यांना माझा विरोध नाही. पण फळ्यावर सुंदर हलते चित्र दिसले म्हणजे वेग समजला असे होत नाही. पन्हळीवरचे ते खरे चेंडू डोळ्यांसमोर असूनही विद्यापीठातली मुले चुकली होती. म्हणून माझी विनंती अशी की निधीचा चौथा हिस्सा शिक्षकांच्या शिकण्यासाठी राखून ठेवावा. त्यातून एक बदली शिक्षक नेमता येईल, म्हणजे महिन्यातील दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सहावी ते आठवीच्या शिक्षकांना शेवटचे दोन तास मोकळे मिळतील. भाषेच्या शिक्षकांनीही त्यात बसावे, कारण मुलाने ‘का’ याचे उत्तर वाक्यात कसे मांडावे हा आमचाही विषय आहे. उरलेल्या रकमेत सेल, टॉर्चचे दिवे, तारा, भिंगे, सपाट आरसे, गोट्या आणि अर्ध्या कापलेल्या नळ्या येतील. यांपैकी एकही वस्तू या शहरातल्या बाजारात मिळत नाही असे नाही. निर्णय विश्वस्तांचा आहे, आणि तो पुढील बैठकीत व्हावा एवढीच अपेक्षा मी ठेवते.

निधीचे काहीही ठरले, तरी काम येत्या दुसऱ्या शनिवारपासून प्रयोगशाळेत सुरू होईल. दिवाळीपर्यंत वीज, त्यानंतर गती. ज्या पालकांना येऊन बसावेसे वाटेल त्यांनी जरूर यावे, मात्र मुलाला उत्तर सुचवू नये. आणि घरात एक दिवा गेला की सगळी विझणारी जुनी दिव्यांची माळ माळ्यावर पडून असेल, तर ती येताना घेऊन यावी. आम्हांला अशा निदान चार माळा हव्या आहेत.